मिठाच्या पाण्याच्या घड्या

आमच्या धंद्यात एकच नियम होता. रुग्णाला मरू द्यायचं नाही आणि बरंही होऊ द्यायचं नाही.

मी ‘फुंकर’ नावाच्या कंपनीसाठी कथा लिहीत होते. ऐकायच्या कथा, रोज एक भाग. कानामागे बोटभर पट्टी चिकटवायची, डोळे मिटायचे आणि ऐकत पडायचं. माझ्या मालिकेचं नाव ‘उशाशी’. तिच्यात शंतनू नावाचा तरुण दरड कोसळून जबर जखमी होतो आणि डोंगरातल्या एका अनोळखी घरात पडून असतो. त्या घरातली माणसं त्याची शुश्रूषा करतात. बस्स, एवढीच गोष्ट. खून नाही, भानगड नाही, कोर्टकचेरी नाही. शंतनूला ताप चढायचा, कुणीतरी मिठाच्या पाण्यात घडी भिजवून, पिळून त्याच्या कपाळावर ठेवायचं आणि निम्मा महाराष्ट्र डोळे पुसायचा.

रुजू झाले तेव्हा मला हे प्रकरण अजिबात झेपलं नव्हतं. एवढ्या धडधाकट माणसांना दुसऱ्याचं दुखणं ऐकण्यात एवढा रस का, असं मी पहिल्याच आठवड्यात कुर्लेकरांना विचारलं. डॉ. मेघश्याम कुर्लेकर आमचे मेंदूशास्त्रज्ञ, ती पट्टी त्यांचीच. बोलताना स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून नाडी बघत राहायची त्यांना सवय होती.

“दुखण्यात नाही हो रस,” ते म्हणाले. “दुखण्यानंतर जो हात येतो ना, त्यात.”

मग त्यांनी मला बसवून समजावलं. आपल्या कातडीत काही मज्जातंतू असे असतात की त्यांना टोचणं, चिमटा, चटका यातलं काही कळत नाही. त्यांना कळतो फक्त संथ, हळुवार स्पर्श. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते, त्या गतीचा. हा निरोप मेंदूच्या ज्या कोपऱ्यात पोचतो, तो कोपरा नुसतं तशा स्पर्शाचं वर्णन नीट ऐकलं तरी जागा होतो. आणि तो दोन्हीकडून जागा होतो. ऐकणारा एकाच वेळी उशाशी बसलेला असतो आणि अंथरुणातही पडलेला असतो. हातही त्याचा, कपाळही त्याचंच.

“एरवी आयुष्यात असं होतं का सांगा,” कुर्लेकर म्हणाले. “एक तर आपण कुणाचं तरी करत असतो, नाही तर कुणी तरी आपलं करत असतं. तेही नशिबात असेल तर.”

पट्टी दोन कामं करायची. दुखण्याचं वर्णन चालू असताना ऐकणाऱ्याचं शरीर किती आवळलंय, ते श्वास आणि नाडीवरून मोजायची. मग गोष्टीत हात आला, की शरीर सैल पडण्याच्या नेमक्या क्षणी कानामागच्या नसेला बारीकशी झिणझिणी द्यायची, म्हणजे तो सैलपणा आणखी गडद व्हायचा. आवळणं जितकं जास्त, तितकं सैल पडणं गोड. त्यामुळे कुर्लेकरांच्या खोलीतून माझ्याकडे निरोप येत राहायचे. ताप वाढवा. टाका उसवू द्या. आज जखमेला वास येऊ दे. मी लिहायचे, कारण मला ते उत्तम जमायचं.

माझं स्वतःचंही एक मत होतं. खऱ्या आजारपणाला अंत दिसत नाही. घडी ठेवली तरी ताप उतरेलच असं नाही, आणि उतरला तरी रुग्ण डोळे उघडून म्हणतो काय, तर “पाणी किती गार होतं!” गोष्टीत असं होत नाही. गोष्टीत केलेलं कारणी लागतं. लोक त्यासाठी येत होते, असं मला वाटायचं. हे मला माहीत होतं, कारण आमच्या घरी खरं आजारपण होतं आणि ते माझी बहीण वनू काढत होती.

वनू, म्हणजे वनिता, माझी धाकटी बहीण. कराडजवळ ओगलेवाडीला आमचं चार खोल्यांचं घर आहे. आईला झटका येऊन तिची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा वनूनं शाळेतली नोकरी सोडली आणि मी पुण्यातली धरून ठेवली. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. फोनवर वनू वैतागायची, रडायची, मधेच हसायची, आणि मी पलीकडे ऐकून घ्यायचे. टाचेखाली कापसाची चुंबळ ठेवली की टाच सोलवटत नाही, हे मला तिनं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात शंतनूच्या टाचेखाली चुंबळ आली.

“ताई, कालची चुंबळ माझी होती की गं!” वनू फोनवर म्हणाली. तिला चक्क आनंद झाला होता.

आईसाठी आम्ही भाड्यानं एक बोलणारी गादी आणली होती. अंगाचा भार कुठे पडतोय, नाडी कशी चाललीय, सगळं तिला कळायचं. आई फार वेळ एका कुशीवर राहिली की ती मंजुळ आवाजात सांगायची, “कृपया रुग्णाची कूस बदला.” आई तिला तिसरी लेक म्हणायची. “ही बरी,” म्हणायची, “बोलावलं नाही तरी बोलते.” हा टोमणा मला असायचा. गादीच्या आणि वनूच्या जिवावर आई वॉकर धरून ओसरीपर्यंत जायला लागली होती.

वनूच्या वाढदिवसाला मी तिला पट्टी पाठवली. तिलाही कुणीतरी फुंकर घालायला हवी, असं मनापासून वाटलं म्हणून.

त्यानंतर तिचे फोन बदलले. वैताग गेला, रडणं गेलं. “सगळं मस्त चाललंय, ताई,” ती म्हणायची आणि लवकर ठेवायची. मी खूश होते. सुटलो, असं वाटलं.

गौरी बसायच्या दिवशी मी बिनचालकाच्या बसनं कराडला उतरले. घरी पोचले तर दारात गौरीची पावलं काढलेली नव्हती. वनू कधी चुकत नसे. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि आत पाऊल टाकल्याबरोबर वास आला. तो काय वास आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. मी त्याचं वर्णन किती तरी भागांत केलं होतं.

आई डाव्या कुशीवर होती. ओठ सुकून त्यांची सालपटं निघाली होती. गादीच्या कडेला लाल दिवा उघडमीट करत होता, पण आवाज नव्हता. मी तिला उजवीकडे वळवलं आणि कमरेखालची जखम दिसली. हाताला मुंग्या आल्या. लिहिताना असं काही होत नसे.

वनू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. डोळे मिटलेले, गालांवर पाणी ओघळतंय. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते हवेत काहीतरी पिळत होते. पिळून, झटकून, अलगद ठेवत होते.

“वनू!”

“थांब ताई,” ती डोळे न उघडता कुजबुजली. “आत्ता कुठं डोळा लागतोय त्याचा.”

“कुणाचा?”

“शंतनूचा की.”

मी तिच्या कानामागची पट्टी ओढून काढली. तिनं डोळे उघडले, आणि त्यात ना राग होता, ना लाज. पोटभर जेवून उठलेल्या माणसाचे डोळे होते ते.

“आईची कूस कधी बदललीस?”

“आत्ताच की.” तिनं खरोखर आठवून बघितलं. “मऊ भात भरवला, मेतकूट घालून. पाठ पुसली. झोपला... झोपली मग.” तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “ताई, मी केलं गं सगळं. मला आठवतंय, मी केलंय.”

“गादीचा आवाज का बंद आहे?”

“सारखी मधेच बोलायची. नीट ऐकू येत नव्हतं.”

आईची जखम मी धुतली. मी इतकी घाईघाईनं पुसत होते, की शेवटी आईनंच एका हातानं माझं मनगट धरलं. “वनूला रागवू नको,” ती जड जिभेनं म्हणाली. “ती इथंच असते. पण नसते.”

दुसऱ्या दिवशी, शेजारणीला आईजवळ बसवून, मी पुण्यात कुर्लेकरांच्या समोर उभी होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पोट भरलं की भूक लागत नाही,” ते म्हणाले. “कुणाचं तरी करावं, ही पण एक भूकच आहे हो. मूल रडलं की आपण उठतो ते काही विचार करून उठत नाही. तुमच्या बहिणीची ती भूक शंतनूवर भागते. शरीराच्या लेखी तिचं काम झालेलं असतं.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“अंदाज होता,” ते म्हणाले आणि त्यांनी मनगटावर बोट ठेवलं. त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी संताप आला, आणि त्याच्यापेक्षा जास्त माझा आला.

भाग मी माझ्याच आवाजात, थेट वाचत असे. ते लोकांना आवडायचं. त्याचाच मी फायदा घेतला. त्या दिवशी ठरलेला भाग बाजूला ठेवला आणि शंतनूला बरं केलं. आपल्याकडे आजारपण संपलं हे कसं कळतं, ते सगळं त्यात घातलं. कडुनिंबाचा पाला टाकलेल्या पाण्यानं तो न्हाला, स्वतःच. मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. पाटावर बसून तो स्वतःच्या हातानं जेवला, ताटाच्या डाव्या बाजूच्या मिरचीसकट. मग त्यानं आपली गादी खांद्यावर टाकली आणि अंगणात उन्हात पसरली. ज्या घरात रुग्णाची गादी उन्हात पडली, तिथलं दुखणं संपलं. हे आमच्या आईनं आम्हाला शिकवलं होतं. मग शंतनू निघून गेला. साऱ्या भागात त्याला कुणाचा हात लागू दिला नाही मी.

नोकरी गेली, ते जाऊ द्या. संध्याकाळी कुर्लेकरांचा फोन आला.

“तुम्ही ताट उचललंत, सुचेताबाई. भूक उचलली नाहीत.”

“मग आता घरात बघतील लोक. प्रत्येक घरात कुणीतरी असतंच.”

“हो,” ते म्हणाले. “पण ही भूक आता साधी राहिलेली नाही. तिला आम्ही जखमेची चटक लावलीय. नुसतं डोकं दुखून भागायचं नाही तिचं. आणि घरात कुणी आजारी नसलंच तर?”

मी फोन आपटला. भीती घालायची त्यांची रीत आहे, असं म्हटलं.

वनू परत आली, ही गोष्ट खरी. दुसऱ्याच दिवशी ती फोनवर ओक्साबोक्शी रडली. मग तिनं कंबर कसली. जखम सुकली, आईच्या अंगात जीव आला, वॉकरचा खडखडाट मला फोनवर ऐकू यायला लागला. एक दिवस ती ओरडलीच, “ताई, गादी उन्हात टाकली! मशीनची गादी उन्हात टाकू नये असं लिवलंय तिच्यावर, तरी टाकली!” मी पुण्यात एकटीच उभी राहून हसले. इतका आनंद मला कुठल्याच भागानं दिला नव्हता.

मग दिवाळीच्या तोंडावर फोन पुन्हा तोकडे झाले. आईला जरा बरं नाही. आज उठू दिलं नाही तिला. आज बोलू नको, झोपलीय. आईचा आवाज मला ऐकू येईनासा झाला, तेव्हा मी बॅग भरली.

ओगलेवाडीच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानापुढे बायाबापड्यांची झुंबड होती. कापूस संपल्याची पाटी लावलेली होती. आमच्या फाटकापाशी शेजारच्या पाटोळेकाकू भेटल्या. त्यांना खोकल्याची उबळ आली, तर त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.

“काकू, औषध घेतलंत का?”

“हळू बोल, पोरी,” त्या घाबरून म्हणाल्या. “तुझी भन ऐकंल. परवा मला नुसती ठेच लागली, तर आळीतल्या तिघीजणी घड्या आन् कापूस घेऊन आल्या बघ. सोडंनात मला. मी बरी हाय म्हनलं, तर रडाय लागल्या.”

घर आरशासारखं लख्ख होतं. फिनेलचा वास, नवी चादर, उशाशी काशाच्या वाडग्यात मिठाचं पाणी आणि पांढऱ्या घड्यांची चवड. आई गादीवर उताणी होती, वेणी घातलेली, गळ्यापर्यंत पांघरूण खोचलेलं. वनूनं मला मिठी मारली. “बरं झालं आलीस की. बस, पाणी आणते,” म्हणून ती आत गेली.

आईनं माझा हात घट्ट पकडला. “सुचे, मला चालता येतं,” ती घाईघाईनं म्हणाली. “हिला सांग. वॉकर माळ्यावर टाकलाय हिनं. नुसती पेज देते. गादी खरं बोलायला लागली, तर तिचं तोंड बंद केलं.”

मी पांघरूण काढलं. आईच्या उजव्या पावलावर, धडधाकट पावलावर, भाजल्याचा ताजा फोड होता. त्याच्यावर तूप लावलेलं होतं, फार नीट, कडेपर्यंत.

मी स्टुलावर चढून माळ्यावरचा वॉकर खाली काढला. गादीचा आवाज चालू केला. मागे वळले तर वनू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, आणि तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं.

“पायाला काय झालं आईच्या?”

“चहा सांडला.”

“कसा?”

तिनं तांब्या खाली ठेवला. “मला माहीत नाही, ताई,” ती म्हणाली. तिचा आवाज लहानपणी चोरी पकडली गेल्यावर यायचा तसा आला. “तो सांडला की मी सांडला, खरंच माहीत नाही. सांडल्यावर मी फुंकर घातली. तिनं डोळे मिटले. इतकं बरं वाटलं गं मला. तुला कळतंय का? कळतंय मला सगळं. पण हे हात राहत नाहीत.”

ते हात तिनं माझ्यापुढे धरले. रिकामे हात. ते हवेत पिळत होते.

“आईला मी पुण्याला नेते,” मी म्हणाले.

वनूनं आईकडे बघितलं, मग वॉकरकडे, मग ओसरीच्या दाराकडे. ती सरकत सरकत त्या दाराच्या आड येऊन उभी राहिली. स्वयंपाकघरात गॅसवर काहीतरी उकळत होतं. आई गादीच्या काठावर उठून बसली होती आणि तिचं पाऊल जमिनीवर टेकत नव्हतं, वनू सरकेल तसं वर उचललं जात होतं. एवढ्या बारीक हालचालीवरून मला कळलं की फोड एकच नसणार.

लोकांना जखमी माणसाजवळ काय बसवतं हे मला चांगलं माहीत होतं. मी त्याचीच भाकरी खात आले होते.

“वनू,” मी म्हणाले, “मला कणकण वाटतेय गं. बसमध्येच अंगात कसर आली.”

तिचे हात थांबले. तिनं उलटा तळवा माझ्या कपाळाला लावला. मला ताप नव्हता, ते तिलाही कळलं असणार. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की मला तिची दया आली आणि भीतीही तेवढीच वाटली.

“आडवी हो बघू आधी,” ती म्हणाली. “आई, ऊठ की जरा. ताईला पडू दे.”

आई उठली. तिनं वॉकर धरला, माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवल्यावर निघाली. मी तिच्या जागेवर पडले. गादी अजून तिच्या अंगानं ऊबदार होती.

ओसरीकडे वॉकर खडखडत गेला. उंबऱ्यापाशी थांबला, ओलांडला, आणि आईनं उन्हात एक मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. पाटोळेकाकूंना किंवा आणखी कुणाला मी काही सांगून ठेवलं नव्हतं. पण फाटक तिथून जवळ होतं आणि आई चालत होती. मला तेवढंच हवं होतं.

“रुग्ण निरोगी आहे,” गादी मंजुळ आवाजात म्हणाली. “कृपया रुग्णाला उठवा.”

वनूनं वाकून तिचा आवाज बंद केला.

मग तिनं घडी वाडग्यात बुडवली, पिळली, झटकली आणि माझ्या कपाळावर ठेवली. एक थेंब कानशिलावरून उशीत उतरला. घडी गार होती. माझ्या कपाळावर शेवटचा हात कुणी आणि कधी ठेवला होता, ते मला आठवेना. आवळलेलं सगळं अंग सैल पडत गेलं. कानामागे पट्टी नव्हती, तरी पडत गेलं. मला रडू आलं आणि वनूनं तेही पुसलं.

“फार तापलीस गं,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले.

“थांब, चहा आणते तुला,” ती उठत म्हणाली. “चांगला उकळता.”

फाटक वाजलं. आई बाहेर पडली होती. आता मलाही उठता आलं असतं. आतून गाळणीचा आवाज आला, मग कपबशीचा, मग वनूची पावलं, आणि मी डोळे मिटून तशीच पडून राहिले.